सामने ठेवले, शाळा वगळली : महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि प्रदर्शन व स्मरणिका समिती यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवासाठी आपल्या मराठी शाळेच्या मोठ्या वर्गातील मुलांनी पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल या मूळनिवासी अमेरिकी मुलांच्या सरकारी निवासी शाळेच्या फुटबॉल संघाच्या १९१२च्या मोसमावर एक प्रदर्शन तयार केले आहे. ते सभागृहात लावण्यास समितीने परवानगी दिली आणि त्याच निरोपात त्यातील तीन फलक वगळण्यात येत असल्याचेही कळवले. सामन्यांचे, खेळाडूंचे आणि संघातला सर्वांत नावाजलेला खेळाडू जिम थॉर्प याचे फलक राहतील. ती शाळा मुळात कशासाठी काढली होती, फुटबॉलच्या पैशाचा कारभार कसा होता आणि शाळेच्या दफनभूमीत कोण आहे, हे सांगणारे तीन फलक भिंतीवर येणार नाहीत. त्यांची भरपाई म्हणून छोट्या गटाचे एक नाटुकले ठरले आहे, ज्यात मुले पिसांचे मुकुट घालून अमेरिकी लष्कराच्या संघाला हरवणार आहेत. स्मरणिकेतही या मोसमावर एक पान जात आहे, पण ते मुलांनी लिहिलेले नाही.

मी या वर्गाची शिक्षिका आहे आणि हे काम माझ्या देखरेखीखाली झाले आहे. समितीला मी लेखी विनंती केली होती. त्यावर ‘हा विषय आता संपला आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. मुलांच्या लेखी तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मंडळाचे नाव मुद्दामच घातलेले नाही, कारण दुखवणारे ते गाळून मिरवण्यासारखे तेवढे ठेवण्याची ही रीत एका मंडळापुरती आहे असे मला वाटत नाही.

ज्यांना हा मोसम ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी तोच सांगते. तो मिरवण्यासारखा आहे याबद्दल माझा आणि समितीचा मुळीच वाद नाही.

१९१२मध्ये अमेरिकन फुटबॉलचे नियम नुकतेच बदलले होते. १९०५च्या मोसमात मैदानावर इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले; त्यातून पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली आणि निव्वळ अंगमेहनतीच्या रेटारेटीला पहिला शह बसला. १९१२मध्ये चेंडू १० यार्ड पुढे नेण्यासाठी तीनऐवजी चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, आले, मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांचे झाले, टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, पाचऐवजी सहा गुण मिळू लागले आणि चेंडू २० यार्डांपेक्षा लांब फेकण्यावरची बंदी उठली. धिप्पाड खेळाडूंच्या संघांपेक्षा चपळ आणि चलाख संघांना हे नियम सोयीचे होते. कार्लाइलचा संघ वजनाने हलका होता आणि त्याचे प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर नव्या क्लृप्त्या शोधण्यात तरबेज होते. याच शाळेच्या संघाने १९०३मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे लपवून पार गोलरेषेपर्यंत नेला होता, आणि १९११मध्ये हार्वर्डलाच त्यांच्या मैदानावर १८-१५ असे हरवले होते.

१९१२चा मोसम २१ सप्टेंबरला ऑलब्राइटविरुद्ध ५०-७ अशा विजयाने सुरू झाला. त्यानंतर लेबनन व्हॅली ४५-०, गावातलेच डिकिन्सन कॉलेज ३४-०, व्हिलानोव्हा ६५-०. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी मात्र एकही गुण न होता बरोबरी झाली. पुढे सिरॅक्यूस ३३-०, पिट्सबर्ग ४५-८. शनिवारी, २६ ऑक्टोबरला, वॉशिंग्टन शहरात जॉर्जटाउनला ३४-२० असे हरवून संघ आगगाडीत बसला आणि सोमवारी टोरंटोत जाऊन तिथल्या संघाला ४९-१ असे हरवून आला. (त्या सामन्याचा काही भाग कॅनडाच्या नियमांनी खेळला गेला, म्हणून हा एक गुण. आमच्या वर्गात ती छपाईची चूक समजून तीनदा खोडली गेली होती.) मग लीहाय, मग ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटवर लष्करी अकादमी २७-६, मग फिलाडेल्फियात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा पराभव, मग स्प्रिंगफिल्ड ३०-२४ आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउन विद्यापीठ ३२-०. एकूण १४ सामने, १२ विजय, एक बरोबरी, एक पराभव. ५०४ गुण केले आणि ११४ दिले. सुरुवातीचे काही सामने सोडले तर जवळजवळ सगळा मोसम परगावी झाला, आणि त्याचे कारण वगळलेल्या दुसऱ्या फलकावर आहे.

आता माझ्या तक्रारी. त्यांचे वजन सारखे नाही; पहिली तर किरकोळच म्हणावी लागेल.

स्मरणिकेच्या पानावर छापले जाणारे तपशील चुकीचे आहेत. संघ ‘अजिंक्य’ राहिला असे तिथे लिहिले आहे. तो राहिला नाही. लष्कराविरुद्धचे सगळे टचडाउन थॉर्पने केले असे लिहिले आहे. त्या दिवशी तीन टचडाउन अ‍ॅलेक्स आर्कासाने आणि एक जो बर्जीने केला. थॉर्पने त्या सामन्यात अफाट खेळ केला हे खरे, पण संपूर्ण संघाचे श्रेय एकाच्या झोळीत टाकण्याची गरज नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ड्वाइट आयझेनहॉवर यांचा गुडघा थॉर्पने मोडून त्यांची खेळातली कारकीर्द संपवली, असेही लिहिले आहे. आयझेनहॉवर त्या सामन्यात होते आणि थॉर्पला अडवण्याच्या धडपडीत त्यांना दुखापतही झाली, परंतु त्यांची कारकीर्द संपवणारी गुडघ्याची दुखापत त्यानंतरच्या टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यातली आहे. हे सारे मुलांनी शोधून, पडताळून फलकांवर बरोबर लिहिले होते. मोठ्यांनी कुठून तरी उचललेले छापावे आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांनी केलेली पडताळणी बाजूला ठेवावी, हे मराठी शाळा चालवणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

दुसरी तक्रार शाळेचा फलक काढण्याबद्दल आहे आणि ती या पत्राचे मुख्य कारण आहे.

कार्लाइलची शाळा रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू केली. फ्लोरिडात कैदेत ठेवलेल्या मूळनिवासी योद्ध्यांवर त्याने आधी जो ‘सुधारणे’चा प्रयोग केला होता, तोच त्याला मुलांवर करायचा होता. पहिली तुकडी डाकोटातून, रोझबड आणि पाइन रिज या मूळनिवासींच्या राखीव प्रदेशांतून आली. आल्या आल्या मुलांचे केस कापले गेले, कपडे काढून घेऊन गणवेश दिले गेले, नावे बदलली गेली आणि स्वतःच्या भाषेत बोलण्यास बंदी झाली. आले तेव्हाचा आणि काही महिन्यांनंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध केले जात, म्हणजे देणगीदारांना फरक दिसावा. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम. उन्हाळ्यात घरी पाठवण्याऐवजी आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे राबायला. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, अशा अर्थाचे प्रॅटचे १८९२मधले भाषण आजही या शाळेची ओळख म्हणून सांगितले जाते. १९१८मध्ये शाळा बंद झाली तोवर १४०हून अधिक जमातींची सुमारे ७,८०० मुले तिथे आणली गेली होती. इथून निघालेल्या नमुन्यावर देशभर सरकारी निवासी शाळा उभ्या राहिल्या.

मुलांनी या फलकासाठी डिकिन्सन कॉलेजने सर्वांसाठी खुली केलेली शाळेची कागदपत्रे वाचली. त्यात विद्यार्थ्यांची कार्डे आहेत. एकेका कार्डावर नाव, जमात, वय, उंची, वजन, आगमनाची तारीख, जाण्याची तारीख, जाण्याचे कारण, आणि एका कोपऱ्यात दोन छोटे रकाने : वडील, आई, हयात की मृत. फुटबॉलपटूंची कार्डेही नेमक्या याच नमुन्याची आहेत. कुठल्या मैदानावर किती गुण केले, हे त्यांवर कुठेही नाही. कुणाच्या शेतावर कधीपासून कधीपर्यंत कामाला पाठवले होते, हे आहे. वर्गातील एका मुलीने फलकाच्या मध्यभागी अशाच एका कार्डाचा मोठा नमुना हाताने काढला आहे. समितीच्या यादीत त्यापुढे ‘जागेअभावी’ असा शेरा आहे. त्याच भिंतीवर प्रायोजकांसाठी किती जागा राखून ठेवली आहे, ती सभासदांनी उत्सवात स्वतःच पाहावी.

शाळा काढून टाकली की मोसमाला अर्थ उरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. हार्वर्ड किंवा पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचा खेळाडू आपल्या मर्जीने कॉलेजात आला होता आणि मर्जीने जाऊ शकत होता. कार्लाइलचे खेळाडू ज्या सरकारच्या शाळेत होते त्याच सरकारच्या लष्कराविरुद्ध वेस्ट पॉइंटवर खेळत होते. याच लष्कराने वुंडेड नी येथे केलेले मूळनिवासींचे हत्याकांड होऊन तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती. आणि मूळनिवासींना सरसकट अमेरिकेचे नागरिकत्व देणारा कायदा होण्यास अजून १२ वर्षे होती. हे माहीत नसणाऱ्याला २७-६ हा आकडा म्हणजे शनिवारचा एक निकाल एवढाच दिसेल.

तिसरी तक्रार पैशाच्या फलकाबद्दल. ‘आर्थिक गैरव्यवहाराचे विषय उत्सवात नकोत’ असे समितीचे म्हणणे आहे. परंतु हा संघ परगावी का भटकत होता, हे त्याशिवाय सांगताच येत नाही. मोठ्या शहरांतील मोठ्या मैदानांवर तिकिटांचा गल्ला मोठा, आणि त्यातला शाळेचा वाटा खेळांसाठीच्या वेगळ्या निधीत जमा होई. त्या निधीतून शाळेत बांधकामे झाली, प्रशिक्षकाचा पगार निघाला, खेळाडूंची राहण्याची आणि जेवणाची वेगळी व चांगली सोय झाली. बाकीच्या शेकडो मुलांच्या ताटात काय पडत होते, ही गोष्ट वेगळी. १९१४मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, संयुक्त समितीने शाळेची चौकशी केली आणि तिला चालना मिळाली ती विद्यार्थ्यांच्या सह्यांच्या अर्जाने. तो अर्ज पुढे नेणाऱ्यांत १९१२च्या संघाचा क्वार्टरबॅक गस वेल्श होता. ज्याच्या हाती मैदानावर संघाची सूत्रे होती त्यानेच आपल्या प्रशिक्षकाच्या वागण्याविरुद्ध आणि शाळेच्या कारभाराविरुद्ध जबानी दिली. खेळाडूंशी शिवराळ वर्तन, तिकिटांची परस्पर विक्री, सामन्यांवर पैजा असे आरोप वॉर्नरवर झाले. अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांना पद सोडावे लागले. वॉर्नर आणखी एक मोसम थांबून पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि तिथे नावलौकिक मिळवून बसला. मुलांच्या दृष्टीने संपूर्ण प्रदर्शनातला सर्वांत धाडसी माणूस वेल्श आहे. समितीने त्याचे नाव ठेवले आहे, फक्त तो क्वार्टरबॅक होता एवढ्यापुरते.

जिम थॉर्पचा फलक राहणार आहे, पण त्याच्या शेवटच्या परिच्छेदाला कात्री लागली आहे, म्हणून तो परिच्छेद इथे देते. १९१२च्या जुलैत स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकून थॉर्प शाळेत परतला आणि सप्टेंबरात शाळेसाठी मैदानात उतरला. मोसम संपून दोन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १९१३मध्ये, त्याने १९०९ आणि १९१०मध्ये नॉर्थ कॅरोलायनात थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळल्याचे वर्तमानपत्रात आले. उन्हाळ्यात असे खेळणारे इतर कॉलेजांतले खेळाडू टोपणनावे घेत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. वॉर्नर आणि फ्रीडमन यांनी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगून हात झटकले. पदके परत घेतली गेली. थॉर्प १९५३मध्ये वारला. ऑलिंपिक समितीने १९८२मध्ये त्याला सहविजेता मानले आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागण्यास २०२२ साल उजाडले.

याला जोडूनच एक गोष्ट. दर ऑक्टोबरात आपल्या मंडळाची सहल पानांचे रंग पाहायला जिम थॉर्प या गावी जाते. ते गाव आधी मॉक चंक होते. थॉर्प हयातीत तिथे कधी राहिला नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने गावाशी करार केला, गावाने त्याचे नाव घेतले आणि त्याचा देह तिथे पुरला गेला. वडिलांना ओक्लाहोमात, सॅक अँड फॉक्स जमातीच्या भूमीत न्यावे म्हणून त्याचे मुलगे न्यायालयात गेले. अपील न्यायालयाने २०१४मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. आपण तिथे मजेत डबे उघडतो, याबद्दल माझी तक्रार नाही, मीही त्यात असते. परंतु त्या सहलीचा फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आणि हा परिच्छेद कचऱ्यात, ही निवड मला मान्य नाही.

चौथी तक्रार कबरींच्या फलकाबद्दल आहे. ‘उत्सवात असे अशुभ नको’ हे वाक्य समितीच्या बैठकीत उच्चारले गेले, असे मला तिथे हजर असलेल्यांनी सांगितले. कार्लाइल बराक्सच्या आवारात, जिथे आज लष्कराचे वॉर कॉलेज आहे, तिथे ही दफनभूमी आहे. आपल्यातले कित्येक जण शेजारच्या रस्त्याने रोज कामाला जातात. पांढऱ्या संगमरवराच्या, सैनिकांच्या कबरींवर असतात तशा एकाच मापाच्या शिळा, दीडशेहून जास्त, सरळ ओळींत. शिळेवर नाव, जमात आणि मृत्यूची तारीख. काहींवर नाव आहे, तारीख नाही. काहींवर नावाच्या जागी ‘अज्ञात’. बहुतेक मुले क्षयासारख्या आजारांनी गेली. येणारे लोक शिळांवर नाणी, कापडाच्या रंगीत पट्ट्या, लहान खेळणी ठेवून जातात. १९२७मध्ये बांधकामासाठी ही दफनभूमी मूळ जागेवरून इथे हलवली गेली आणि तेव्हाच्या नोंदी इतक्या सदोष होत्या की २०१७मध्ये नॉर्दर्न अरापाहो जमात आपली तीन मुले परत न्यायला आली तेव्हा त्यांतल्या एकाच्या कबरीत तो मुलगा नव्हताच, दुसऱ्याच दोघांचे अवशेष होते. तो सापडला पुढच्या वर्षी. तेव्हापासून लष्कर जमातींच्या मागणीनुसार मुलांना घरी पाठवत आहे आणि हे काम अजून संपलेले नाही.

ज्या संस्थेचा उत्सव भाद्रपदात बसतो आणि ज्या संस्थेचे सभासद त्याच महिन्यात पितृपक्षात आपापल्या घरी गेलेल्यांच्या नावाने पान वाढतात, तिला परक्या आईबापांच्या मुलांची नावे वाचणे अशुभ वाटावे, हे मला पटवून घेता येत नाही. दहा फलकांतला एक फलक शोकाचा असला म्हणून बाप्पाचा उत्सव बिघडत नाही.

समितीचे आणखी दोन युक्तिवाद आहेत. त्यांतला एक असा की हा आपला इतिहास नव्हे, आपण या देशात बाहेरून आलो. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये याच राज्यात, फिलाडेल्फियात, वैद्यकीय शिक्षणासाठी आल्या तेव्हा कार्लाइलची शाळा सुरू होऊन चार वर्षे झाली होती. त्या १८८६मध्ये पदवी घेऊन गेल्या आणि त्याच वर्षी त्याच महाविद्यालयात ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश दाखल झाली. १८८९मध्ये ती या देशातली पहिली मूळनिवासी स्त्री डॉक्टर झाली. आनंदीबाईंचा फलक आपण दरवर्षी कौतुकाने लावतो. त्याच्या शेजारच्या भिंतीवरचा इतिहास आपला नाही असे मग कसे म्हणता येईल? शिवाय आपली मुले याच जिल्ह्यातल्या मैदानांवर खेळतात, याच शाळांत शिकतात. सामन्यांचे फलक चालतात तेव्हा हा इतिहास आपला होतो आणि कबरींचा फलक येताच परका होतो, हे तर्काला धरून नाही.

दुसरा युक्तिवाद वादाचा : पाहुण्यांनी वादात पडू नये, पुढे देणगीदार काय म्हणतील. यात वाद कुठे आहे, हे मला खरेच समजलेले नाही. अमेरिकेच्या गृह खात्याच्या जुलै २०२४च्या अहवालात अशा सरकारी निवासी शाळांत किमान ९७३ मुले दगावल्याची नोंद आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांनी या शाळांबद्दल देशाच्या वतीने जाहीर माफी मागितली आणि डिसेंबरात कार्लाइलची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. जे या देशाच्या सरकारने स्वतः लेखी मान्य केले आहे, ते बोलायला महाराष्ट्र मंडळ घाबरते, असे चित्र दिसेल. पन्नाशीतले, नोकऱ्यांत स्थिरावलेले, घरे घेतलेले, इथे मतदान करणारे आपण लोक अजून किती वर्षे स्वतःला पाहुणे म्हणवून घेणार आहोत?

राहिले नाटुकले. छोट्या गटातल्या मुलांना कपाळावर रंगाचे पट्टे, डोक्यावर पिसांचे मुकुट आणि हाताने तोंडावर थापट्या मारत काढायचा तो आवाज शिकवला जात आहे. १९१२च्या संघाचा फोटो प्रदर्शनात आहे. तो नाटुकले बसवणाऱ्यांनी एकदा पाहावा. खेळाडूंचे केस कापलेले आहेत आणि अंगावर शाळेच्या जर्सी आहेत. ज्या शाळेने पिसे, वेण्या आणि भाषा पहिल्याच दिवशी काढून घेतली, तिच्या विजयाचे नाटक पिसे लावून करायचे, यातली विसंगती आमच्या वर्गातल्या मुलांच्या लगेच ध्यानात आली. थॉर्प सॅक अँड फॉक्स, वेल्श आणि जो गायन ओजिब्वे, आर्कासा कोलव्हिल, विल्यम गार्लो टस्करोरा. यांचे प्रदेश वेगळे, भाषा वेगळ्या. सगळ्यांना एकच मुकुट चढवणे म्हणजे पंजाब्यापासून केरळीयापर्यंत सर्वांना फेटा बांधून ‘भारतीय वेश’ म्हणण्यासारखे आहे. आपल्या मुलांच्या शाळेत कुणी तसे केले असते तर हीच कार्यकारिणी निषेधाचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली असती. गेलीही आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तिन्ही फलक मुलांनी लिहिले तसे, त्यांच्या क्रमाने, बाकीच्या फलकांबरोबर एकाच भिंतीवर लावावेत. जागा कमी पडत असेल तर आकार लहान करण्यास मुले तयार आहेत. मजकूर कमी करण्यास नाहीत. समितीला मजकुरात एखादी चूक आढळली तर ती दाखवून द्यावी, आम्ही पडताळून दुरुस्त करू. थॉर्पच्या फलकाचा शेवटचा परिच्छेद परत यावा.

स्मरणिकेतील पान छापखान्यात जाण्याआधी मागे घ्यावे आणि त्या जागी मुलांचा लेख, लेखक म्हणून त्यांचीच नावे घालून छापावा. पान छापून झाले असेल तर चुकांची दुरुस्ती स्मरणिकेसोबत स्वतंत्र कागदावर द्यावी.

नाटुकल्यातील मुकुट, रंग आणि तो आवाज काढून टाकावा. सामना दाखवायचाच असेल तर जर्सी घालून दाखवता येतो. छोट्यांना पळापळी करायला मिळाली की पुरते, त्यांना पिसांची काही हौस नाही.

यंदाच्या सहलीच्या आधी किंवा नंतर मोठ्या वर्गाला कार्लाइलच्या स्थानिक इतिहास संस्थेच्या संग्रहालयात नेण्यास मंडळाने परवानगी द्यावी. दफनभूमीला भेट द्यायची तर ती तिथल्या नियमांप्रमाणे आणि आधी विचारून द्यावी. खर्च पालक करतील. मंडळाकडून फक्त संमतीपत्र आणि विमा हवा आहे.

यापुढे मुलांच्या कामातला मजकूर वगळायचा असेल तर त्याची कारणे समितीने मुलांसमोर बसून सांगावीत, हीही एक मागणी आहे. ती मी मुलांच्या वतीने करते, कारण यादी हाती पडल्यावर त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न ‘कुणी ठरवलं?’ हा होता आणि त्याचे उत्तर द्यायला माझ्याकडे एकही नाव नव्हते.

यांतले काहीच शक्य नसेल तर संपूर्ण प्रदर्शन परत करावे. निम्मे लावण्यास मुलांची आणि त्यांच्या पालकांची संमती नाही. तसे सह्यांचे पत्र स्वतंत्रपणे सचिवांकडे दिले आहे. मांडणीसाठी सभागृह शुक्रवारी संध्याकाळी उघडते, त्यामुळे निर्णय गुरुवारपर्यंत कळावा, आणि तो मला एकटीला न कळवता सर्व सभासदांना पाठवावा, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
मराठी शाळेच्या मोठ्या वर्गाची शिक्षिका व मंडळाची आजीव सभासद